फिरकीची पिन

सुदामला जाऊन आज वर्ष झालं. त्याला मी मारलं.

लगेच फोन करू नका. आधी पूर्ण वाचा. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकलं तर सांभाळून घ्या.

कळंबला ढोकी रोडवर आमचं दोघांचं गॅरेज. मी डेंटर, सुदाम वेल्डर. तीस वर्षं एकाच पत्र्याखाली.

एका डॉक्टरांनी त्यांच्या वडलांची जुनी अँबॅसिडर आणली होती. खालचा पत्रा गंजून पार चाळण झालेला.

असलं काम गाडीखाली झोपून होत नाही. सुदामनं मोबाईलवर व्हिडिओ बघून जाड पाइपांचा स्टँड बनवला. इंजिन, दारं, चाकं सगळं काढायचं. उरलेला सांगाडा पुढून आणि मागून दोन खांबांना आवळायचा. मग तो आडवा करा, उलटा करा, पाहिजे तसा फिरतो.

आम्ही त्याला फिरकी म्हणायचो.

मला पहिल्या दिवसापासून तिची धास्ती.

दारांच्या जागी अँगल मारले का? नाहीतर सांगाडा मधेच वाकतो. वजन दोन्हीकडं सारखं आहे का? बोल्ट आवळले का?

आणि पिन. सांगाडा फिरवून झाला की खांबाच्या भोकात अंगठ्याएवढी जाड पिन घालायची. ती असली की सांगाडा जागचा हलत नाही.

दिवसातून दहा वेळा विचारायचो.

"पिन बघितली का?"

"बघितली."

"नीट बघ."

"आण्णा, लग्नाआधी नवरी बी अशीच धा बार बघून आला व्हतास का रं?"

चेष्टा करायचा, पण बघायचा. मोतीबिंदू झाला होता, तरी वाकून बघायचा.

दसऱ्याला सुदाम आणि वहिनी दरवर्षीसारखे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. जाताना त्यानं सांगाडा आडवा केला, पिन घातली.

खंडेनवमीला मी गॅरेज धुतलं. पाने, हातोडे, ग्राइंडर, सगळी हत्यारं पाटावर मांडली. त्या दिवशी एकही हत्यार कामावर ठेवायचं नाही, असं आमच्यात वडलांपासून चालत आलंय.

मला वाटलं, पिनसुद्धा हत्यारच की. रोज सुदामचा जीव तीच सांभाळते. तिला पूजेविना कसं ठेवायचं?

पिन काढली. रॉकेलनं पुसली. हळदीकुंकू लावलं.

भोकात तेवढ्यापुरती एक बारीक सळई घातली. घसरू नये म्हणून तिचं टोक पिनच्या टोकासारखंच वाकवलं. वरून बघितलं तर पिनच वाटावी.

दसरा झाल्यावर पूजा उचलली. पान्यांबरोबर पिनही पेटीत गेली.

मी विसरलो.

दहा वेळा विचारणारा मी.

तिसऱ्या दिवशी सुदाम कामावर आला. मी समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेलो. त्या दिवशी नेमकं काही विचारलं नाही.

त्यानं नवा पत्रा उचलून सांगाड्याला लावला. एका अंगाला वजन आलं. सळई वाकून निसटली, सांगाडा गरकन फिरला आणि टपाची कड त्याच्या छातीवर बसली.

आवाज टपरीपर्यंत आला.

टेम्पोत घालून धाराशिवला निघालो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. येडशीच्या अलीकडं त्यानं डोळे उघडले.

"पिन व्हती रं आण्णा. म्या बघितली व्हती."

मी म्हणालो, "बोलू नको. गप पड."

एवढंच म्हणालो.

धाराशिव आलं तेव्हा तो नव्हता.

संध्याकाळी गॅरेजवर आलो. सळई खाली पडली होती. उचलली आणि भंगारात टाकली.

मग लोकांना दिसलं ते रिकामं भोक. पोलिसांनाही तेच दिसलं. सगळे म्हणाले, पिन घालायचीच विसरला. कुणी म्हणालं, नजर गेलेल्या माणसाला घरच्यांनी कामाला पाठवावंच कशाला?

मीही मान डोलावली.

मयतानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी कांतावहिनी, सुदामची बायको, माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भावजी, आपरेशन दिवाळीनंतर करू असं मीच म्हणले व्हते. आदी केलं असतं तर त्यांना भोक रिकामं दिसलं असतं."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. भीती वाटली. कशाची, ते आता सांगताही येत नाही.

ती बाई वर्षभर हे उरावर घेऊन जगली.

आज सकाळी गेलो. सगळं सांगितलं. पूजा, सळई, भंगार, टेम्पोतलं त्याचं बोलणं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबले.

सूप बाजूला सारून म्हणाल्या, "म्हंजे त्यांना दिसत व्हतं."

"व्हय वहिनी."

"वाकून बघितलं व्हतं त्यांनी."

"व्हय."

"आन तुमाला वरीसभर मी दिसले न्हाय?"

वहिनींनी सूप परत मांडीवर ओढलं.

"जावा आता. ह्या दारात परत येऊ नका."

उठलो. चप्पल घातली. माफी मागायची राहिली. मागून तरी काय झालं असतं.

उद्या पोलीस ठाण्यात जाऊन हेच सांगणार आहे. पुढं काय होईल माहीत नाही. भीती आहेच.

ज्यांनी ज्यांनी सुदामला आंधळा म्हटलं, विसराळू म्हटलं, वहिनींना बोल लावले, त्यांनी आपले शब्द मागं घ्यावेत. तेवढ्यासाठी ही पोस्ट.

जयभीम, सुदाम.

भावपूर्ण श्रद्धांजली लिहायला माझा हात धजत नाही. तुम्ही लिहा. त्याच्या नावानं लिहा, आणि वहिनींच्या घरी जाऊन या.