तिसऱ्या दिवशीची सकाळ

माझी धाकटी बहीण लांज्याला दिलेली. तिचा नवरा बोटीवर असतो. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून गेल्या उन्हाळ्यात, तो रजेवर आला तेव्हा, दोघं रत्नागिरीला माझ्याकडे राहायला आली. इथल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू शरीराबाहेर एकत्र आणायचे, तयार झालेले गर्भ उबेच्या पेटीत ठेवायचे आणि रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे.

"तुझ्याच हातून होऊ दे," ती म्हणाली.

मला ते नको होतं. पण हे काम करणारं दुसरं माणूस दवाखान्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या प्रत्येक गर्भाच्या चार पेशी झाल्या होत्या. गोल, सारख्या, नितळ. मी घरी पोचले तेव्हा ती दारातच उभी होती.

"काय गो ताई, कशी आहेत पोरं?"

"चांगली आहेत."

"मग तुझं तोंड असं का?"

तिच्यापासून लपवणं मला कधी जमलेलं नाही. मी सांगितलं, की सुरुवातीला गर्भ स्वतःच्या बळावर जगत नसतो. बीज पिकत असताना आईने त्यात जो साठा आणि ज्या सूचना भरून ठेवल्या, त्यांवरच पेशींचे भाग पडत जातात. गर्भाची स्वतःची जनुकं तिथेच असतात, पण बहुतेक सगळी मिटलेली. तिसऱ्या दिवसाच्या आसपास ती उघडावी लागतात, तीही ठरल्या क्रमाने. तोवर आईकडचं बरंचसं संपत आलेलं असतं. ज्याची उघडत नाहीत, तो आहे तिथे थांबतो. आणि आदल्या दिवशी बघून त्यातलं काहीच ओळखता येत नाही.

"म्हणजे आज ती माझ्या जिवावर आहेत," ती म्हणाली. "आणि उद्या?"

तिचा नवरा उठून पंखा वाढवायला गेला. तो आधीच पूर्ण वेगाने फिरत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. घामाने कपडे अंगाला चिकटत होते. प्रयोगशाळेत मात्र गार. मी पेटीतून गर्भाची पहिली काचेची बशी काढली. चारच पेशी. दुसरी काढली. चारच. एकेक बघत गेले तशी माझी घाई कमी होत गेली. शेवटची बशी काढायच्या आधी मी बराच वेळ पेटीसमोर नुसती उभी होते. तीही तशीच निघाली.

"अजून एक दिवस वाट बघू," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आशा उरली नसतानाचा त्यांचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

तो दिवस गेला तोवर पेशी आतून काळपट, रवाळ झाल्या. बहिणीने बघायला मागितलं. मॅडमनी पडद्यावर दाखवलं.

"कधी गेली गो ही?"

"नक्की वेळ नाही सांगता येत."

"कुणाचं चुकलं, ताई?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"कुणाचंच नाही." ते खरंच होतं, पण दोघांनाही ते पुरलं नाही. थोड्याच दिवसांत तो बोटीवर परत गेला.

थंडीत ती पुन्हा आली, एकटीच. नवऱ्याचे शुक्रजंतू गोठवून ठेवलेले होते. या खेपेला एक गर्भ तिसरा दिवस ओलांडून गेला. पाचव्या दिवशी तो पोकळ चेंडूसारखा झाला. बाहेरच्या पेशींची पुढे बाळाला पोसणारी वार होणार, आतल्या छोट्या पुंजक्याचं बाळ. जनुकं सगळ्यांत तीच, पण बाहेर वेगळी उघडलेली आणि आत वेगळी. इतकी नीट वाटणी बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र एवढंच दिसत होतं, की यातलं एखादंही चुकू शकलं असतं, आणि पुढेही चुकू शकेल.

तो तिच्या पोटात रुजला. आता तिला पाचवा महिना आहे. सोनोग्राफी व्यवस्थित आली आहे. आई डोहाळजेवणाचं बोलली, तर बहीण म्हणाली, "इतक्यात नको. नावसुद्धा काढू नका."

परवा भर दुपारी तिचा फोन आला. मी हातमोजे न काढताच उचलला.

"काय झालं?"

"काही नाही गो. कोलंबी खाल्ली तर चालेल का, विचारायचं होतं."

चालेल म्हटलं. फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. नंतर हातमोजे बदलून पेटीतली दुसऱ्या कुणाचीतरी बशी काढायची होती. त्यातल्या गर्भाचाही तिसरा दिवस होता.