बांधाला आलेला बाक

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर महिनाभर वडिलांना स्वच्छ दिसत होतं. मग एका सकाळी सापगावच्या आमच्या शेतावर उभे राहून ते म्हणाले, "बांध मधेच वाकलाय. यानंच कोरला." हा म्हणजे शेजारचं शेत कसणारा माझा चुलता. दोघांचं चांगलंच वाजलं. मलाही ते खरं वाटलं. आमच्याकडे बांधावरून भाऊ तुटायला पुरावा लागत नाही.

दुपारी मात्र त्यांना घराच्या दाराची चौकटही वाकडी दिसू लागली, तेव्हा मी त्यांना शहापूरला डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आली होती. ऑपरेशननंतर काहींना ती येते आणि सरळ रेघ वाकडी दिसते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी डोळ्यात घालायचे थेंब दिले. मी दिवसभर कामावर असायचो, म्हणून थेंब घालायला चुलताच यायचा. थेंब घालायचा आणि निघून जायचा.

सूज हळूहळू उतरली. वडील पुन्हा शेतावर गेले, बांधाकडे बराच वेळ बघत राहिले.

"सरळ हाय रे," ते पलीकडच्या शेतात उभ्या असलेल्या चुलत्याला म्हणाले.

"सरळच व्हता, दादा. तुला तो मोतीबिंदूच्या आधीपासून वाकडा दिसतोय."