मॉसफेट गेला म्हणजे कुठे गेला

माझे सासरे विजेच्या स्कूटरवरून टोकावड्याला निघाले आणि टेम्पोतून परत आले. टेम्पोत स्कूटर उभी होती आणि स्कूटरवर सासरे बसलेले होते. डोक्यावर हेल्मेट, हात हँडलवर, पाय दोन्ही बाजूंना टेकलेले. स्कूटर आडवी होऊ नये म्हणून बसलो, असं त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. पण सापगावच्या पुलापासून आमच्या दारापर्यंत ज्यांनी पाहिलं, त्यांना मास्तर टेम्पोच्या हौद्यात स्कूटर चालवतायत असंच दिसलं. दोघांनी तर हात वर करून नमस्कारही केला, आणि सासऱ्यांनी तो मान हलवून स्वीकारला.

सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. बोलणं एकदम शुद्ध, पुस्तकी. राग आला की मात्र 'नाही'चं 'नाय' होतं, आणि त्यावरून आम्हाला घरात हवामान कळतं. त्या दिवशी पायरी चढतानाच ते म्हणाले, "शेणव्याच्या पुढं चढ लागला आनि गाडी बसली. काय आवाज नाय, धूर नाय, नुसती बसली."

टोकावड्याला बहिणीकडे, म्हणजे आमच्या आत्याबाईंकडे, द्यायला दोन पोती तांदूळ नेत होते. पोती टेम्पोच्या कोपऱ्यात होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून मी त्यांच्याबरोबर शहापूरला मेकॅनिककडे गेले. मी मुरबाडच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मेकॅनिकने सीटखालची ॲल्युमिनियमची पेटी काढली, उघडली, मीटर लावला आणि म्हणाला, "बाबा, कंट्रोलरमधला मॉसफेट गेलाय."

"गेला म्हणजे कुठे गेला?" सासऱ्यांनी विचारलं.

"गेला म्हणजे उडाला."

"उडाला? मग हे काय आहे?" त्यांनी पेटीतल्या काळ्या चौकोनी तुकड्याकडे बोट दाखवलं.

"तोच तो. हाये तिथंच हाये, पन गेलाय."

चाळीस-चाळीस पोरांना वाक्याचा अर्थ विचारण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यासमोर असं वाक्य टाकायचं नसतं. सासऱ्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. तो होता म्हणजे काय करत होता, गेला म्हणजे काय करेनासा झाला, हे कळल्याशिवाय नवीन बसवू देणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मेकॅनिकच्या मागे पाच गाड्या उभ्या होत्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी शिकवता ना तिकडं? मग घरी न्या त्यांना आनि शिकवा. पेटी मी ठेवतो."

तर अशी ही शिकवणी माझ्या गळ्यात पडली.

मी कॉलेजातून चार नवीन मॉसफेट, एक बारा व्होल्टची छोटी बॅटरी आणि एक दिवा आणला. सासरे ओट्यावर चष्मा लावून बसले, सासूबाई सुपात तांदूळ घेऊन शेजारी. मी तुकडा दाखवला. त्याला तीन पाय असतात. इंग्रजीत त्यांना सोर्स, गेट आणि ड्रेन म्हणतात. सासऱ्यांनी लगेच उगम, फाटक आणि निचरा अशी भाषांतरं केली आणि पुढे कधीही दुसरे शब्द वापरू दिले नाहीत.

"उगमापासून निचऱ्याकडे वीज जायची असते," मी म्हणाले, "पण मध्ये वाट नसते. फाटकाला थोडा विजेचा दाब दिला की वाट तयार होते. काढून घेतला की वाट मोडते. म्हणजे हे एक बटणच आहे, फक्त त्याला बोटाऐवजी वीजच दाबते. स्कूटरच्या मोटरला सेकंदाला हजारो वेळा वीज द्यावी-तोडावी लागते, ते काम हे करतं."

सोपं व्हावं म्हणून मी शेताच्या बांधावरच्या पाण्याच्या तोंडाचं उदाहरण दिलं. फळी उचलली की पाणी जातं. सासऱ्यांनी ते तिथल्या तिथे नापास केलं. "फळी उचलायला जोर लागतो. तुझ्या फाटकाला किती जोर लागतो?"

"जवळजवळ काहीच नाही. दाब लागतो, पण आत वीज वाहत नाही. फाटकाच्या खाली काचेसारखा पातळ थर असतो. फाटक पलीकडच्या कशालाच शिवत नाही."

"शिवत नाही, तर वाट करतं कसं?"

हा प्रश्न माझ्या वर्गात अजून कुणी विचारलेला नाही. तिथे आकृती काढली की पोरं उतरवून घेतात आणि मीही पुढे जाते. मी विचार करत असताना सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आता तुमी दोघं उठा, कोंबड्या बघा कशा जमल्यात."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला काच बसवलीय. ओट्यावर येताना सासूबाईंनी दाण्यांचं ताट आतल्या बाजूला काचेजवळ ठेवलं होतं. बाहेर अंगणातल्या सगळ्या कोंबड्या ते बघून खिडकीखालच्या कट्ट्यावर चढल्या होत्या. दाणा मिळत नव्हता, काच मध्ये होती, पण कट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोंबड्यांची सलग रांग लागली होती.

मी म्हटलं, "बाबा, हेच."

"काय हेच?"

"ताट म्हणजे फाटकावरचा धनभार. काच म्हणजे तो थर. कोंबड्या म्हणजे इलेक्ट्रॉन, ऋण असतात ते, धनभाराकडे धावतात. काचेतून पलीकडे जाता येत नाही म्हणून काचेखाली गर्दी करतात. त्या गर्दीचीच वाट होते. एका टोकाला उगम, दुसऱ्या टोकाला निचरा. ताट उचललं की कोंबड्या पांगतात आणि वाट मोडते."

सासऱ्यांनी सासूबाईंना आत पाठवून ताट उचलायला लावलं. कोंबड्या पांगल्या. परत ठेवायला लावलं. परत जमल्या. असं तीन-चारदा झाल्यावर सासूबाई आतून म्हणाल्या, "माझा भात करपला तर तुमचा उगम नि निचरा खावा लागंल सगल्यांना."

पण सासऱ्यांना पटलं. आणि गाडी का बसली तेही मी हळूच सांगून टाकलं. वाट अर्धवट झाली किंवा फार वीज ओढली की मॉसफेट तापतो. चढ आणि दोन पोती तांदूळ म्हणजे फारच ओढली.

"तांदूळ बहिणीसाठी होते," सासरे म्हणाले. मॉसफेटने तेवढं समजून घ्यायला हवं होतं, असा त्यांचा सूर होता.

मी मुरबाडला गेल्यावर त्यांनी एकट्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. थंडीचे दिवस होते, हवा कोरडी होती. मॉसफेटवर धूळ दिसली म्हणून त्यांनी तो गळ्यातल्या लोकरीच्या मफलरला चांगला घासून पुसला. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा ओट्यावर दिवा पेटलेला आणि सासरे खुशीत.

"बघ, काय उत्तम चालतोय. बंदच होत नाही."

"बाबा, हा मेलाय."

"पेटलाय की."

"मेला म्हणूनच पेटलाय. लोकर घासली की वीज साठते, ती त्या काचेच्या थराला भोक पाडून जाते. आता आत फाटकच राहिलं नाही, नुसतीच वाट आहे."

ते उठले आणि गळ्यातला मफलर काढून, लांब धरून, खुंटीला अडकवून आले. अंगातली वीज जमिनीत जाऊ द्यायची असेल तर आधी नळासारख्या लोखंडी वस्तूला हात लावावा, एवढं मी सांगितलं, आणि तेवढं सांगायला नको होतं. त्यानंतर ते मोरीतल्या नळाला हात लावल्याशिवाय कशालाच शिवेनात. मॉसफेट राहू दे बाजूला, चहाचा कप, पेपर, रिमोट, सगळ्याच्या आधी नळ. पाहुणे आले तर त्यांनाही आधी मोरीकडे न्यायचे. पाहुण्यांना वाटायचं, पाय धुवायला सांगतायत.

आता ही विद्या त्यांना गावाला द्यायची होती. समाजमंदिरात महिन्यातून एकदा ज्येष्ठांची बैठक भरते. तिथे बहुतेक रक्तदाब आणि गुडघे यांवर बोलणं होतं. सासऱ्यांनी जाहीर केलं की या वेळी मॉसफेट. निम्मे लोक नवीन गोळी असेल म्हणून आले.

त्यात समोरच्या आळीतले काकाही आले. काका म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ, एसटीतले निवृत्त कंडक्टर. आवाज मोठा, त्यामुळे गावातल्या प्रत्येक लग्नात माइक त्यांच्याकडे. अशाच एका लग्नात त्यांनी सासऱ्यांचं स्वागत "आपले माजी मास्तर" असं केलं. सासऱ्यांचं म्हणणं, माजी म्हणजे काढून टाकलेला, मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. काकांचं म्हणणं, माइकवर एवढं लांब कोण बोलतो. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच गल्लीतून जाताना एक जण आभाळ बघायचा, दुसरा गटार.

सासऱ्यांनी कोंबड्यांपासून सुरुवात केली आणि ते खरंच छान बोलले. मग माझी पाळी. मी बॅटरी, दिवा आणि मॉसफेट जोडून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "एका हाताने बॅटरीचं धन टोक धरायचं, दुसऱ्या हाताने फाटक. अंगातून नावापुरती वीज जाते, कळतही नाही. फाटकाला तेवढी पुरते. एक माणूसच कशाला, सगळ्यांनी हात धरले तरी दिवा लागेल."

मुख्य म्हणजे मी हे बोलायच्या आधी समोर बघायला हवं होतं. सगळे उत्साहाने उठले, खोलीभर गोल झाला, एकमेकांचे हात धरले गेले. बायकांची बाजू सासूबाईंनी लावली. पहिल्या आजींनी बॅटरी धरली. शेवटच्या आजोबांनी फाटकाच्या पायाला बोट लावलं. दिवा लागला नाही.

"बिघडला काय गो?" कुणीतरी विचारलं.

मी गोलावरून नजर फिरवली. खिडकीजवळ सासरे आणि काका शेजारी शेजारी आले होते. सासऱ्यांचा डावा हात खिशात होता. काकांचा उजवा हात त्यांनी पाठीमागे नेला होता, कंबर दुखत असल्यासारखा. बाकी सगळा गोल घट्ट होता.

हळूहळू सगळ्यांनाच दिसलं. सासूबाईंनी दोन्हीकडचे हात सोडले, पाण्याच्या पिंपावरचा स्टीलचा पेला उचलला, त्या दोघांच्या मध्ये जाऊन तो आडवा धरला आणि मला विचारलं, "हे चालंल का?"

"चालेल," मी म्हणाले.

"मग धरा. पेल्याला धरा, एकमेकांना नको."

एका बाजूने सासऱ्यांनी दोन बोटं लावली, दुसऱ्या बाजूने काकांनी. सासूबाई जागेवर गेल्या, हात परत जुळले आणि दिवा लागला. खोलीत एकदम गलका झाला. दोघांनीही पेला लगेच सोडला. गोल तुटला, सगळ्यांनी हात सोडले, शेवटच्या आजोबांनीही बोट काढलं. दिवा तसाच पेटलेला राहिला.

काकांनी तो बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाय, तुझ्या सासऱ्यास्नी इचार, ताट काढलं तरी कोंबड्या का उभ्या?"

मी तोंड उघडलं, पण तेवढी उसंतच मिळाली नाही. सासऱ्यांना प्रश्न आला की तो कुणाकडून आला हे बघायची सवयच नव्हती. ते थेट काकांकडे वळले. "ताट कुठं काढलं? हात काढला. ताट खिडकीतच राहिलं. फाटकावर गेलेल्या भाराला बाहेर पडायला वाट नाय, म्हणून तो तिथंच बसलाय. भार काढायचा तर फाटक आनि उगम यांना एकदम शिवावं लागेल."

"आनि नाय शिवलं तर? जन्मभर पेटंल?"

"जन्मभर नाय. हळूहळू गळेल."

"किती टाइम?"

हे सासऱ्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नक्की सांगता येत नव्हतं. हवेतल्या ओलीवर, धुळीवर, बऱ्याच गोष्टींवर ते असतं. मी तसं म्हणाले. काका म्हणाले, "मंग बसून बघू की. मला काय, गाडी गाठायचीय थोडीच."

बैठक उठली, चहा झाला, लोक गेले. मी आणि सासूबाई घरी आलो. दुपार उलटली तरी सासरे जेवायला आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले. रिकाम्या समाजमंदिरात दोन खुर्च्या टाकून दोघं दिव्यासमोर बसले होते. दिवा मंद झाला होता. काका म्हणत होते बॅटरी उतरली, सासरे म्हणत होते भार गळला. मला बघून दोघांनीही एकदम हाताने थांबवलं.

"तू नको सांगू," सासरे म्हणाले. "आमी बघतो."

त्यांनी एका हाताने बॅटरीचं टोक धरलं. दुसरा हात फाटकाकडे नेताना ते थांबले, खुर्चीवरून उठले, बाहेर जाऊन नळाला हात लावून आले, टोक परत धरलं आणि मग बोट टेकवलं. दिवा पुन्हा लख्ख झाला. काकांनी वाकून बघितलं. मग ते म्हणाले, "बॅटरी नाय उतरलेली," आणि सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारायला हात उचलून तो तसाच परत खाली घेतला.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिकने नवीन मॉसफेट बसवला. सासऱ्यांनी तो बसवताना पाहिलं आणि मेकॅनिकलाच उगम, फाटक, निचरा समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, कारण पेटी सासऱ्यांच्या मांडीवर होती. पोती पोचवायची राहिलीच होती. या खेपेला एक पोतं सासऱ्यांनी घेतलं, एक काकांनी, आणि दोघं एसटीने निघाले. काका म्हणाले, या मार्गावर कुठल्या थांब्याला चढलं तर बसायला जागा मिळते, हे मला ठाऊक, मास्तरांना नाय. त्यावरून ते दोघं टोकावड्यापर्यंत भांडत गेले, असं आत्याबाईंनी फोनवर सांगितलं, आणि तिथे पोचल्यावर जेवताना भांडण कुठल्या मुद्द्यावर थांबलं होतं, ते दोघांनी आत्याबाईंनाच विचारलं.