मालूअक्काचा ॲबॅकस

मालूअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या बाजारात भरताची वांगी निवडत होते. न्यूमोनिया झाला होता, धुळ्याला नेता नेता... पिशवी तिथेच सोडून मी शिंदखेड्याची गाडी धरली. आता महिना होऊन गेला, पण राग काही ओसरत नाही.

अक्का माझी मामेबहीण. लहानपणी तापात तिची दृष्टी गेली आणि मामाने तिला धुळ्याच्या अंधशाळेत घातलं. तिथे तिच्या हातात ॲबॅकस आला... तारांवर ओवलेले मणी, ते आपोआप घसरू नयेत म्हणून खाली मऊ कापड. हजारो वर्षांपूर्वीचे व्यापारीही असेच मणी सरकवून हिशेब करत, हे तिला तिथल्या बाईंनी सांगितलेलं. सुट्टीत घरी आली की ती आम्हाला गणितं घालायला लावायची आणि आमची पाटी भरायच्या आत उत्तर सांगून खदखदून हसायची. तिला गणितच शिकायचं होतं. पण कॉलेजात सांगितलं, "आकृत्या कशा काढणार? दुसरा विषय घ्या." घेतला बिचारीने.

पुढे डोळस मुलांसाठी गल्लोगल्ली ॲबॅकसचे क्लास निघाले. जळगावच्या अशाच एका क्लासने अक्काला शिकवायला बोलावलं आणि ती माझ्याकडे राहायला आली. मुलं तिच्यावर जीव टाकायची. स्नेहसंमेलनात तिचं प्रात्यक्षिक ठेवलं, तेव्हा क्लासचे संचालक हातात काळी पट्टी घेऊन पुढे आले.

"सर, मला तसंही दिसत नाही."

"आपल्याला माहीत आहे हो मॅडम. मागे बसलेल्या पालकांना कुठे माहीत? जरा रंगत येते."

तिने पट्टी बांधू दिली. सभागृह दणाणलं. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "टाळ्या पट्टीला होत्या गं."

तरी ती टिकून राहिली, कारण तिच्या मनात वेगळंच होतं. जळगावातल्याच दोन अंध मुलींना मागच्या बाकावर बसू द्याल का, असं तिने एक दिवस विचारलं. संचालक म्हणाले, "बाकीचे पालक काय म्हणतील?" अक्काने त्याच दिवशी काम सोडलं आणि शिंदखेड्याला परत गेली.

दहाव्याला तेच गृहस्थ हार घेऊन आले. तिचा ॲबॅकस त्यांना क्लासमधल्या काचेच्या कपाटात मांडायचा होता. मामी उंबऱ्यातूनच म्हणाली, "आते कसाले उनात? तठे मनी पोरनं काय शे?" आता कशाला आलात, तिथे माझ्या पोरीचं आहेच काय, एवढंच तिचं म्हणणं.

तो ॲबॅकस मामीने माझ्या हाती अंधशाळेत पाठवला, पोरी शिकतील म्हणून. परवा धुळ्याला गेले तेव्हा डोकावले, तर वर्गात कुठे दिसेना. "आठवण म्हणून कुलपात ठेवलाय. वापरून खराब व्हायला नको," तिथले शिक्षक म्हणाले. चावी क्लार्ककडे, क्लार्क रजेवर.

शेजारच्या वर्गात मुली बोटांच्या पेरांवर आकडे मोजत होत्या. क्लार्क सोमवारी येणार आहेत म्हणे. सोमवारी मीही जाणार आहे.