बिनकामाचं पाणी

सिरसाळ्याजवळच्या वस्तीवरची रुक्मिणीबाई ऊसतोडीच्या निमित्तानं सारा मुलूख हिंडली होती. ती आणि नवरा उत्तरेश्वर, दोघं मिळून मुकादमाच्या बोलीत एक कोयता. वाटेत नद्या लागल्या, धरणं लागली. पण ती सगळी चालत्या ट्रकमधून पाहिलेली, नाहीतर डोक्यावर हंडा घेऊन. आता उत्तरेश्वरची कंबर गेली, लेक मंजुषा अंबाजोगाईला नर्स झाली, आणि कोयता सुटला.

त्याच लेकीनं एका रविवारी दोघांना तलावाकाठच्या वनखात्याच्या उद्यानात आणलं.

"इथं करायचं काय, मंजे?"

"काही न्हाई, माय. बसायचं. बघायचं."

रुक्मिणीबाई बसली खरी, पण रिकामे हात तिला खायला उठले. मंजुषा होडीचं तिकीट काढायला गेली तशी ती बाभळीखालच्या वाळक्या काटक्या वेचू लागली. मोळी काखेत मारली न मारली तोच पहारेकऱ्याची शिट्टी वाजली.

"मावशी, टाका ते खाली. इथली काडीबी न्यायची न्हाई."

"वाळकंच हाय की, लेकरा. कुजून जाईल."

"कुजू द्या. किडामुंगी त्याच्यावरच जगते."

चोरी पकडल्यासारखी ती ओशाळली. काटक्या होत्या तिथं ठेवल्या. कुणाच्या चुलीत जायचं नाही असं लाकूड तिनं आजवर पाहिलंच नव्हतं.

मंजुषानं दोघांच्या अंगात फुगीर जाकिटं घातली आणि पायानं चालवायच्या होडीत बसवलं. उत्तरेश्वर दांडी गच्च धरून बसला. होडी जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली.

"अवो, कावून वळवायलाव?"

"मी कुठं वळवायलोय? तूच जोर लावायलीस. दमानं घे."

तिनं पाय आवरले, त्यानं चालवले. हळूहळू दोघांचा मेळ बसला आणि होडी सरळ निघाली. काठावरचा गलका मागं पडला. मध्यावर तिनं पाय थांबवले.

"दमलीस का?"

"न्हाई. उगंच."

पाण्यातून वर आलेल्या एका खोडावर पाणकावळा पंख पसरून उन्हात उभा होता. रुक्मिणीबाई त्याच्याकडं पाहत राहिली. तळ्याचं पाणी दिसलं की तिला आधी अंतर दिसायचं: खोपीपासून किती लांब, चढ किती, दिवस उगवायच्या आत किती खेपा. आज पाणी नुसतंच पसरलेलं होतं. ते कुठं न्यायचं नव्हतं. तिनं हात बुडवला. गार लागलं.

"लई पाणी वाहिलं ओ आपण," ती म्हणाली.

"तू वाहिलंस," उत्तरेश्वर म्हणाला. "मी ऊस वाहिला." आणि दोघंही हसली. होडी डुलली तसं त्यानं तिचं मनगट धरलं. ते काठ येईस्तोवर सोडलं नाही.

भाकरी-ठेचा खाऊन उत्तरेश्वर हिरवळीवर जरा टेकला आणि तोंडावर पंचा टाकून घोरायलाच लागला. इतक्या वर्षांत तिनं त्याला दिवसाढवळ्या झोपलेला पाहिला नव्हता. फडात मुकादम झोपायचा, बैल बसायचे. हा कधी नाही.

ऊन कलल्यावर मंजुषा म्हणाली, "माय, उठव आबाला. वस्तीकडची जीप निघून जाईल."

"जाऊ दे. दुसरी येती," रुक्मिणीबाई म्हणाली आणि पाय लांब करून बसली. समोर एक बगळा उथळ पाण्यात पाऊल टाकावं की नाही, याचा विचार करत उभा होता. तिला काहीच घाई नव्हती.