बुकॉलिक, आणि सरांनी दिलेलं आवतन

माने सर गेले.

मला इंग्रजीतला एकच अवघड शब्द येतो. तो सांगणारा माणूस आज सकाळी गेला.

मी बोलते, नात टाइप करते. काही चुकलं तर तिला बोला.

दुष्काळात दूध सोसायटीनं पाटोद्याच्या रस्त्याला चारा छावणी टाकली होती. तिथं माझा सर्जा बैल, अन् शेजारी सरांची म्हैस. त्यांचे वडील अंथरुणावर होते. म्हणून शाळा सुटली की सर म्हशीपाशी येऊन पुस्तक उघडायचे.

एकदा स्वतःशीच हसले.

"काय निघालं, सर?"

"शब्द हाय एक, मावशी. बुकॉलिक. म्हणजे गुरंढोरं, हिरवं रान, गावाकडचं निवांत सुख."

मी आजूबाजूला पाहिलं. टँकरचा पत्ता नाही. शेणावर माशा.

"कोण मेला म्हणतो असं?"

"लई जुना शब्द हाय. ग्रीक लोक बैल राखणाऱ्याला बूकोलोस म्हणायचे. त्याच्यावरून हा शब्द आला."

"राखणाऱ्याला सुख कुठून आलं मग?"

"गुराख्यांची गाणी रचणारे शहरात राहायचे, मावशी."

लई हसलो दोघं.

सर्जाचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. छावणीतला ऊस चावून त्याच्या तोंडात फोड आले, खाणं सुटलं.
डोळ्यांदेखत मरण्यापेक्षा विकलेला बरा. मी व्यापाऱ्याला पोळ्याच्या सकाळी बोलावलं.

आदल्या दिवशी खांदेमळणी. लोक बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळून कानात सांगत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मी पाठ फिरवून बसले. विकायच्या बैलाला जेवायला कोणत्या तोंडानं बोलवू?

सर उठले. सर्जाच्या कानाशी वाकले अन् छावणीभर ऐकू जाईल असं आवतन देऊन बसले.

"सर! माझ्या बैलाला तुमी कावून आवतन दिलं?"

"दिलं आता. आवतन दिलेल्याला उपाशी काढून देता का?"

"अन् घालू काय त्याला?"

"पाहुणा माझा हाय, मावशी."

व्यापारी रिकामा गेला.

सरांच्या मंडळींनी किटलीभर ज्वारीची पातळ पेज दिली होती. शाळेची पँट शेणात टेकवून सर ती बांबूच्या नळीनं पाजायला बसले. अर्धी अंगावर.

"काय सर, निवांत सुख?"

"लई, मावशी."

मग रोजच पेज आणायचे. फोड बसले. सर्जा उसाकडं तोंड न्यायला लागला.

पुढच्या पावसाळ्यात त्यानंच आमचं रान पेरलं. त्या रानावर माझी दोन्ही पोरं मोठी झाली.

आज सरांना उचलायला तीच दोघं पुढं होती.

आमच्याकडं बायकांना घाटावर नेत नाहीत. मी इथूनच हात जोडते.

सर, सुखानं जा.