ब्रेक न लावणारे सासरे

माझे सासरे गाडीला ब्रेक लावत नसत. गाडीला ब्रेक होता, त्यांना तो पायापाशी दिसतही असे. पण ब्रेक लावणं म्हणजे आपण आधी विचार केला नव्हता याची चारचौघांत कबुली देणं, असं त्यांचं मत होतं. उभी हयात त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं आणि कबुली देणं हे काम विद्यार्थ्यांचं, अशी त्यांची साधी विभागणी होती.

समोर अडथळा दिसला की ते ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत, चौथ्यातून तिसरा आणि तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकत. इंजिन घोगऱ्या आवाजात कण्हे आणि वेसण ओढलेल्या बैलासारखी गाडी सावकाश होई. अगदी दोन हात अंतर उरलं की हँडब्रेक. पायाचा ब्रेक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखा वर्षानुवर्षं कोरा राहिला होता.

अडचण एकच होती, मागच्या दिव्यांची. गाडी हळू झाली की मागे लाल दिवा लागतो, अशी लोकांची समजूत असते. तो दिवा खरं तर ब्रेकवर पाय पडल्याचा असतो. हा फरक कोथरूडातल्या स्कूटरवाल्यांना सासऱ्यांच्या डिकीवर आपटल्यानंतर समजायचा.

"अहो काका, लाइट लागला नाही तुमचा!"

"लागेल कसा? मी ब्रेक लावलाच नव्हता."

"मग गाडी थांबली कशी?"

"सांगतो. वेळ आहे का आपल्याला?"

समोरच्याला वेळ नसे. असला, तरी हेडलाइटच्या काचा वेचण्यात जाई. दुसऱ्या धडकेनंतर सासऱ्यांनी मागच्या काचेला आतून एक कागद चिकटवला: 'ही गाडी विचार करून थांबते. आपणही करावा.' तिसरा धडकणारा तो कागद वाचतानाच धडकला. त्याच्या पिशवीतले टोमॅटो डिकीवर फुटले आणि ती बातमी टोमॅटो वाळायच्या आत सासूबाईंपर्यंत पोचली.

"आता किल्ली माझ्याकडे द्या," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी टोमॅटो नसेल, डोकं असेल कुणाचं तरी."

विषय सासऱ्यांच्या दृष्टीने गंभीर होता. निवृत्त झाल्यापासून त्यांचं ऐकणारं एकच उरलं होतं, ते म्हणजे गाडीचं इंजिन. मुलगी हसायची, बायको आत निघून जायची, मी वर्तमानपत्र वर धरायचो. किल्ली गेली असती, तर ते नुसते चहा पिणारे गृहस्थ होऊन बसले असते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केप कागदावर लिहिलेला एक प्रस्ताव मांडला. त्यांची परीक्षा घ्यावी. सिंहगडावर गाडी न्यायची आणि पायथ्यापर्यंत खाली आणायची. उतरताना ब्रेकला एकदाही पाय लागला, तर नापास. गडावर विकत घेतलेलं दह्याचं मडकं सासूबाई मांडीवर धरतील. त्यातलं थेंबभर सांडलं, तरी नापास. नापास झाल्यास किल्ली सासूबाईंकडे, कायमची. पास झाल्यास हा विषय घरात पुन्हा निघणार नाही. परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, कारण जावई हा त्रयस्थ असतो. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर हे कळलं.

रविवारी आम्ही चौघं गडावर गेलो. पिठलं-भाकरी खाल्ली, मडकं घेतलं. सासूबाई मागे मडकं धरून बसल्या, तेही गुन्ह्याचा पुरावा धरावा तशा. शेजारी माझी बायको. मी पुढे, कागद आणि पेन्सिल घेऊन, नजर सासऱ्यांच्या उजव्या पायावर ठेवून. सासऱ्यांच्या पायाकडे जावयाने इतका वेळ बघावं, हे नमस्काराखेरीज कुठल्याच शास्त्रात बसत नसावं.

सासरे अप्रतिम उतरले, हे मला मान्य केलंच पाहिजे. वळणाच्या आधीच पहिला नाही तर दुसरा गिअर, स्टिअरिंगवर दोन्ही हात, मान ताठ. दही हललंसुद्धा नाही. एका वळणावर कुणाच्या तरी नव्या गाडीच्या चाकांतून धूर येत होता आणि रबर जळल्यासारखा वास सुटला होता. मालक बाटलीतलं पाणी चाकांवर ओतत होते. सासऱ्यांनी गाडी चालण्याच्या वेगावर आणली आणि खिडकीतून म्हणाले, "ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरावं."

मालकांनी दिलेलं उत्तर परीक्षेच्या कक्षेबाहेरचं असल्यामुळे मी नोंदवलं नाही.

पायथ्याला गाडी थांबली. सासरे खाली उतरले आणि मिशीवरून बोट फिरवून म्हणाले, "निकाल सावकाश लिहा, जावईबापू. आता सपाट रस्ता आहे, चालवा तुम्ही."

ती त्यांची दानत होती. जिंकलेला माणूस दुसऱ्याला चालवायला देतो.

मी मोटार शिकलो होतो ती पैसे भरून, क्लासमध्ये. तिथल्या मास्तरांना विचार वगैरे मान्य नव्हता, ते 'ब्रेक! ब्रेक!' ओरडायचे आणि आम्ही दाबायचो. पुढच्या गावात रस्त्यावर म्हशी आडव्या आल्या, तेव्हा मी शिकल्याप्रमाणे दाबला. पाय रव्याच्या पोत्यात जावा तसा अलगद खाली गेला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"ब्रेक लागत नाहीये," मी म्हणालो.

"लावताय कशाला? सेकंड टाका."

"अहो, ब्रेक नाहीच!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी लावला!"

"तेच तर म्हणतोय मी—" एवढ्यात त्यांना म्हैस दिसली. त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी एक गचका खाऊन बंद पडली, मडक्यातलं दही माझ्या मानेवरून सदऱ्यात उतरलं आणि बॉनेटवर हनुवटी टेकण्याच्या अंतरावर एक म्हैस आमच्याकडे बघत उभी राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.

म्हशींमागून आलेल्या बाईंनी आत वाकून पाहिलं. "बिरेक न्हाई व्हय गाडीला?"

या प्रश्नावर सासऱ्यांकडे बरीच वर्षं तयार असलेलं उत्तर होतं. ते त्यांनी दिलं नाही.

गावात मोटारसायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. ते गाडीखाली गेले आणि तिथूनच बोलले. "ब्रेकचं तेल पार संपलंय की. कवाधरनं हाय असं?"

आम्ही सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"माहीत नाही," ते म्हणाले. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

"बाबा, म्हणजे आपण अख्खा गड ब्रेकशिवाय उतरलो?" बायकोने विचारलं.

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "अख्खा," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक असतं, तर मी हार घातला असता," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात अजून रिकामं मडकं होतं. "ठाऊक नव्हतं ना?"

सासऱ्यांनी माझ्याकडून तो कागद मागून घेतला. पहिल्या अटीपुढे लिहिलं, 'ब्रेक लावला नाही.' दुसरीपुढे, 'दही सांडले, परीक्षकाकडून.' मग खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात 'नापास' लिहून सही केली. किल्ली त्यांनी सासूबाईंच्या हातात न देता मडक्यात टाकली. खण्ण असा आवाज झाला.

त्यानंतर गाडी मी चालवू लागलो. सासूबाई दर वेळी किल्ली मोजून दिल्यासारखी देत आणि सासरे माझ्या शेजारी बसत. मीही हळूहळू सुधारलो. उतार आला की विचारबिचार करून दुसरा गिअर टाकू लागलो. एकदा कर्वेनगरकडे जाताना पुढे बस थांबली. मी गिअर उतरवला, गाडी छान मंदावली, ब्रेकची गरजच पडली नाही. शाबासकीच्या अपेक्षेने मी शेजारी पाहिलं.

सासरे समोर बसकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. आणि त्यांची उजवी चप्पल पायाखालचा पत्रा, जिथे काहीही नव्हतं तिथे, सगळा जोर लावून दाबत होती.